कातडी जिवंत आहे, हे फोटो सांगेल का?

नाशिक हे नाव कसे पडले, याच्या दोन कथा आमच्या शहरात सांगतात. नऊ टेकड्यांवर वसले म्हणून ‘नवशिख’ आणि त्याचे नाशिक, ही एक. दुसरी सर्वांनाच ठाऊक आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका कापली, म्हणून नाशिक. यातली खरी कोणती ते भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावे. आम्हाला दुसऱ्या कथेचे कुतूहल वेगळ्याच कारणासाठी वाटते. कापलेले नाक पुन्हा करता येते का? आणि केले, तर ती नव्याने बसवलेली कातडी जगते आहे की मरते आहे, हे पाहणाऱ्याला कसे कळते?

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर नाशिकपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, पुण्याजवळ, १७९३ च्या सुमारास दिले गेले आणि त्याचे चित्रही छापले गेले. लंडनहून निघणाऱ्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ते आले. कावसजी नावाचा एक बैल हाकणारा गडी टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर गेला होता. (नाव पारशी वाटते, पण मजकुरात त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हटले आहे.) तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने, म्हणजे बहुधा कुंभाराने, त्याला नवे नाक करून दिले.

कृती मोठी सुबक आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे. ते सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण पूर्ण तोडायची नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या जागी तासलेल्या कडांमध्ये बसवायची. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती अरुंद पट्टी कापायची.

या सगळ्यात त्या पट्टीला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. पत्र लिहिणाऱ्यानेही ते ओळखले होते. नवे आणि जुने एकजीव होईपर्यंत रक्ताभिसरण या पट्टीतून चालू राहते, असे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. फांदीवर कलम बांधताना माळी जो विचार करतो तोच हा. म्हणून आम्ही या पट्टीला देठ म्हणतो. देठ शाबूत तोवर कातडी जिवंत.

आता चित्राकडे वळू. ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढले. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे प्रसिद्ध चित्रही त्याचेच. कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी काढलेले आहे आणि छापले गेले ते काळ्या-पांढऱ्या खोदचित्राच्या रूपात. शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्याची किंमत फार मोठी आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने याच माहितीच्या आधाराने १८१४ साली तिकडे ही शस्त्रक्रिया केली. पण पुरावा म्हणून पाहिले तर हे चित्र एकच गोष्ट सांगते, की दहा महिन्यांनंतर नाक जागेवर होते. पहिल्या आठवड्यात कातडी गुलाबी होती की निळसर, कडा काळवंडल्या की नाही, देठ पिळल्यामुळे रक्त अडले का, यातले काहीही त्यात नाही आणि असूही शकत नाही. रंगच नाही, आणि वेळ निघून गेलेली. शिवाय ज्यांचे नाक जगले नाही त्यांचे चित्र कोण काढणार?

चित्रकाराला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. डिजिटल फोटोला मात्र हाच प्रश्न विचारायला हवा, कारण रुग्णाच्या खाटेशेजारी आज मोबाइल पोचला आहे आणि त्याच्या चित्रावरून रात्री-अपरात्री निर्णय होत आहेत.

प्लास्टिक सर्जन आता देठ नसलेली कातडीही हलवतात. मांडीवरची कातडी तिच्या धमनी-शिरेसकट पूर्ण सुटी करायची, पायावरच्या जखमेवर आणायची आणि एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या त्या नळ्या तिथल्या नळ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवायच्या. याला ते ‘फ्लॅप’ म्हणतात. कावसजीचे नाकही फ्लॅपच होते, फक्त देठासकट. शिवलेल्या नळीत गुठळी झाली तर सगळे श्रम वाया जातात. हा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. काही तासांत लक्षात आले तर टाके उघडून गुठळी काढता येते आणि कातडी वाचते. म्हणून दर तासाला कोणीतरी पाहायचे असते. पाहणारा बहुधा निवासी डॉक्टर किंवा परिचारिका, आणि निर्णय घेणारे सर्जन घरी. मधे फोटो.

आमचे एक स्नेही शहरातल्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जन आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी आम्हाला दोन फोटो दाखवले. रुग्ण जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा, सावळा, शेतमजुरी करणारा. पायावर मांडीची कातडी बसवली होती. रात्री अकराच्या फोटोत कातडी छान तांबूस दिसत होती. ‘ठीक आहे’ असा निरोप देऊन ते झोपले. पहाटे सहाच्या फोटोत तीच कातडी जांभळी. त्यांनी धाव घेतली, टाके उघडले, पण निम्मी कातडी गेली. त्यांना एवढेच हवे होते: रात्री ती खरोखर ठीक होती का?

आम्ही डॉक्टर नाही. पण प्रकाश मोजणे हे आमचे काम आहे, म्हणून मूळ फाइली मागून घेतल्या. कातडीकडे पाहण्याआधी आम्ही बँडेज पाहिले. बँडेज पांढरे असते. पहाटेच्या फोटोत ते पांढरे होते. रात्रीच्या फोटोत मात्र पिवळसर-तांबडे. औषधाचा डाग नसलेली जागा शोधून पाहिली, तीही तशीच. वॉर्डातले मोठे दिवे बंद आणि खाटेशेजारचा पिवळा दिवा चालू असावा. संगणकावर बँडेज पांढरे होईपर्यंत चित्राचे रंग बदलले, आणि त्याबरोबर कातडीची तांबूस छटा उतरली. खाली जांभळी झाक होती. पहाटेइतकी गडद नव्हती, पण होती.

हे पाहून सर्जन बराच वेळ काही बोलले नाहीत.

कॅमेरा खोटे बोलला का? नाही. तो त्याच्या कामाला चोख होता. गोंधळ झाला तो आपण त्याला मोजमापाचे यंत्र समजल्यामुळे. कॅमेरा माणसाच्या डोळ्याला आवडेल असे चित्र करण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्या संवेदकावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. बहुतेक कॅमेरे आजही याच जातीची जाळी वापरतात. या तीन आकड्यांवर मग संस्कार सुरू होतात. दिव्याचा रंग कोणता असावा याचा अंदाज करून कॅमेरा तिन्ही आकडे वरखाली करतो. उजेडाचा आणि आकड्याचा संबंधही सरळ रेषेचा ठेवत नाही, म्हणजे दुप्पट प्रकाश पडला तर आकडा दुप्पट होत नाही. चेहरा ओळखला तर तो थोडा उजळ करतो. शेवटी फाइल लहान करण्यासाठी रंगाचा बारीक तपशील टाकून देतो. लग्नाच्या फोटोत याने काही बिघडत नाही. फ्लॅपच्या फोटोत बिघडते.

दुसरी बाजू त्वचेची. सर्वांत वर बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही पातळ. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मेलॅनिन हे रंगद्रव्य आहे. तिच्याखाली अंतस्त्वचा, साधारण एक-दोन मिलिमीटर जाड, तिच्यात केशवाहिन्यांची जाळी. प्रकाश मेलॅनिनच्या थरातून खाली उतरतो, रक्तात थोडा शोषला जातो, तंतूंमध्ये विखुरतो आणि पुन्हा मेलॅनिनमधून वर येतो. म्हणजे रक्ताची बातमी आणणाऱ्या प्रत्येक किरणाला मेलॅनिनचा जकात-नाका दोनदा ओलांडावा लागतो. हा नाका निळ्या प्रकाशाकडून सर्वांत जास्त जकात घेतो, हिरव्याकडून कमी आणि लालकडून त्याहून कमी.

रक्ताचा रंग हिमोग्लोबिनचा. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ नॅनोमीटर या दोन तरंगलांबींच्या आसपास प्रकाश जास्त शोषते. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे या भागात एकच शिखर, सुमारे ५५५ नॅनोमीटरला. वर्णपटमापकाला हा फरक सहज दिसतो. कॅमेऱ्याच्या हिरव्या गाळणीला दिसत नाही, कारण ती साधारण ५०० ते ६०० नॅनोमीटरमधले सगळे एकत्र मोजून एकच आकडा देते. हिरवा आकडा त्यामुळे ‘रक्त किती’ हे बरे सांगतो. ‘त्यात ऑक्सिजन किती’ हे जवळजवळ सांगतच नाही. लाल प्रकाशात, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यापेक्षा सुमारे दहापट अधिक शोषण करते. निळसर रक्ताची खूण काय ती इथे. ९४० नॅनोमीटरच्या अदृश्य अवरक्त प्रकाशात हे उलटे होते, पण तो प्रकाश संवेदकापर्यंत पोचू नये म्हणून साध्या कॅमेऱ्यात मुद्दाम गाळणी बसवलेली असते.

गणिताच्या शिक्षकांना आता आमची अडचण दिसली असेल. फोटोच्या प्रत्येक ठिपक्यासाठी आपल्याकडे तीन आकडे, म्हणजे तीन समीकरणे आहेत. आणि अव्यक्ते? दिव्याचा रंग. दिव्याची प्रखरता. मेलॅनिन. रक्ताचे प्रमाण. त्यातला ऑक्सिजन. शिवाय ओल्या किंवा सुजलेल्या पृष्ठभागावरची चमक. तीन समीकरणांत सहा अव्यक्ते. आठवीतला विद्यार्थीही सांगेल की याला एकच उत्तर येणार नाही. तरी डॉक्टर फोटो पाहतो आणि उत्तर देतो, कारण उरलेल्या अव्यक्तांच्या किमती तो अनुभवावरून गृहीत धरतो. रात्री अकरा वाजता आमच्या स्नेह्यांनी दिव्याचा रंग पांढरा गृहीत धरला होता.

मोबाइलच्या फोटोवरून फ्लॅपची स्थिती ओळखण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. थायलंडमधील सर्जनांच्या एका गटाने २०१४ साली त्यासाठी मोबाइलवरचा खास प्रोग्राम प्रसिद्ध केला. निरोगी माणसांच्या बोटांतला रक्तप्रवाह मुद्दाम अडवून त्यांनी तो तपासला, आणि धमनी अडली की शीर, हे प्रोग्रामने बहुतेक वेळा बरोबर ओळखले. काम प्रामाणिक आहे आणि उपयोगी दिशेचे आहे. आमचा आक्षेप त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलण्याला आहे. बांधलेले बोट आणि शिवलेला फ्लॅप यांत मोठे अंतर आहे. बोटाचा रक्तप्रवाह आपण ठरवलेल्या क्षणी, पूर्णपणे अडवतो. फ्लॅपमध्ये तो हळूहळू, अर्धवट, एका कोपऱ्यातून अडतो. बोटाला सूज नसते, रक्ताचे डाग नसतात, खालची ऊती बोटाचीच असते. आणि माणसे कोणत्या वर्णाची होती हा प्रश्न उरतोच.

या शेवटच्या प्रश्नाचा धडा पल्स ऑक्सिमीटरने दिला आहे. २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी बोटाला लावलेली ती चिमटी आपल्या वाचकांना आठवत असेल. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली तिचे तत्त्व मांडले. वर सांगितलेल्या लाल आणि अवरक्त अशा दोन तरंगलांबी ती वापरते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच हिशेबात घेते. मेलॅनिन काही ठोक्याबरोबर बदलत नाही. म्हणून त्याचा परिणाम या युक्तीने वजा व्हायला हवा. कागदावर तो होतोही. तरी डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले, की यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या मोजमापांत ३.६ टक्के होते आणि कृष्णवर्णीयांच्या मोजमापांत ११.७ टक्के. मेलॅनिन टाळण्याची युक्ती ज्या यंत्राच्या मुळातच आहे, त्याची ही गत. फोटोत तर अशी युक्तीच नाही.

आपल्याकडे गव्हाळ, सावळा, काळा असे सगळेच वर्ण एका वॉर्डात असतात. ‘फिकट’, ‘गुलाबी’, ‘निळसर’ हे फ्लॅपचे शब्द मात्र गोऱ्या कातडीवरून घडलेले आहेत. काळ्या कातडीवर शिरेचा अडथळा निळा दिसत नाही. कातडी थोडी अधिक गडद दिसते, एवढेच. ते पुस्तकातल्या गोऱ्या पायाच्या फोटोवरून शिकता येत नाही. इथे कोडॅकचा आणखी एक किस्सा सांगण्याजोगा आहे. रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी ही कंपनी एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर अनेक वर्षे गोऱ्या बाईचाच फोटो असे, आणि त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. शर्ली बरोबर दिसली की रंग बरोबर. काळ्या माणसांच्या चेहऱ्यातला तपशील छापताना हरवतो, ही तक्रार बराच काळ कोणी मनावर घेतली नव्हती.

मग कॅमेरा टाकून द्यायचा का? आमचे मत तसे नाही. समीकरणे वाढवता येत नसतील तर अव्यक्ते कमी करावीत. फोटोत कातडीशेजारी एक ठरलेले करडे किंवा पांढरे कार्ड ठेवले, की दिव्याचा रंग आणि प्रखरता ही दोन अव्यक्ते सुटतात. (साधा वहीचा कागद चालवून घेता येतो, पण त्यात घातलेल्या चमकद्रव्यामुळे तो उन्हात किंचित निळसर दिसतो. छायाचित्रकारांचे करडे कार्ड बरे.) दिव्यापुढे आणि भिंगापुढे ध्रुवक काचा एकमेकींना काटकोनात धरल्या की पृष्ठभागाची चमक जाते. मेलॅनिनचे काय? ते मोजण्यापेक्षा त्याच फ्लॅपचा आधीचा फोटो शेजारी ठेवावा. काही तासांत मेलॅनिन बदलत नाही. जे बदलले ते रक्त. शेजारच्या कातडीशी तुलना करण्याचा सल्ला नेहमी दिला जातो, पण मांडीची कातडी पायावर आणली तर दोन्हींचा मूळ रंगच वेगळा असतो. आमच्या मते तुलना स्वतःशीच करावी. म्हणजे एकच फोटो जवळजवळ निरुपयोगी, आणि एकाच उजेडात, एकाच कार्डासह घेतलेली दहा फोटोंची मालिका फार बोलकी.

कॅमेऱ्याला रंगाऐवजी वेळ विचारली तर तो आणखी कामाचा ठरतो. सर्जन बोटाने कातडी दाबतात. दाब काढल्यावर पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत भरली तर ठीक. रंग परतायला फार उशीर लागला तर धमनीची शंका, एका सेकंदाच्या आत झपकन परतला तर शिरेत रक्त तुंबल्याची शंका. स्थिर फोटोत यातले काहीच नाही, आणि मोबाइलच्या दहा सेकंदांच्या व्हिडिओत सगळे आहे. सेकंद मोजायला दिव्याचा रंग माहीत असावा लागत नाही. मेलॅनिन फरक धूसर करते, पण घड्याळाला हात लावत नाही. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी साध्या कॅमेऱ्याने, नेहमीच्या उजेडात, चेहऱ्याच्या व्हिडिओतून नाडीचे ठोके मोजून दाखवले. हिरव्या आकड्यात ते सर्वांत ठळक आले. का ते वर सांगितलेच आहे.

प्रकाशाला वेळ विचारण्याची टोकाची करामत एका नाशिककरानेच केली आहे. इथे जन्मलेले रमेश रासकर यांच्या एमआयटीतील गटाने २०११ साली सेकंदाला सुमारे एक लाख कोटी चित्रे या वेगाने, बाटलीतून पुढे सरकणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदाचे चित्रण दाखवले. या वेगाने दोन चित्रांमध्ये प्रकाश हवेत एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका सरकतो. वॉर्डात हे नेण्याचा प्रश्न नाही. पण कॅमेरा म्हणजे रंगांची पेटी, ही समजूत मोडायला तो प्रयोग उत्तम आहे.

एवढे करूनही फोटोच्या आवाक्याबाहेरचे पुष्कळ उरते. फ्लॅप थंड पडणे हातालाच कळते. टोचल्यावर लाल रक्त आले, काळपट आले की आलेच नाही, हे सुईच सांगते. आतल्या धमनीचा आवाज डॉप्लर यंत्रातूनच ऐकू येतो. आणि दृश्य प्रकाश कातडीच्या वरच्या एक-दोन मिलिमीटरांची बातमी आणतो. खालच्या स्नायूचे काय चालले आहे ते त्याला माहीत नसते. खोलवरचे पाहण्यासाठी आता इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देऊन अवरक्त कॅमेऱ्याने तो कुठवर पोचतो हे पाहतात. तोही डिजिटल कॅमेराच, पण त्याला नेमका एकच प्रश्न विचारलेला असतो. हा रंगही मूळचा कोडॅकच्या प्रयोगशाळेतला, हे वाचून आम्हाला गंमत वाटली.

वर्गात हे करून पाहता येईल. पाच-सहा विद्यार्थ्यांनी आपले एक बोट पांढऱ्या कार्डाशेजारी ठेवून खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली फोटो घ्यावेत. मग बोटाखाली एकदा लाल आणि एकदा हिरवे कापड पसरून तेच करावे. बऱ्याच मोबाइलमध्ये नुसते कापड बदलल्याने बोटाचा रंग बदललेला दिसेल. ‘इमेज जे’ हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात नखाखालच्या भागाचे लाल, हिरवे, निळे आकडे वाचून तक्ता करावा आणि प्रत्येक आकड्याला त्याच फोटोतल्या कार्डाच्या आकड्याने भागावे. विस्कळीत तक्ता बराचसा एका ओळीत येतो. पूर्ण येत नाही. का येत नाही यावर एक तास सहज चर्चा होईल. त्यानंतर बोटाला रबर गुंडाळून एक मिनिटाच्या आत सोडावे, अधिक वेळ ठेवू नये, आणि व्हिडिओ घ्यावा. वर्गात सावळी आणि गोरी अशी दोन्ही मुले असतील तर त्यांच्या हाताची मागची बाजू आणि तळवा वेगवेगळे घ्यावेत. मागच्या बाजूवर जे दिसत नाही ते तळव्यावर दिसते, आणि मेलॅनिनच्या जकातीचा मुद्दा मुले स्वतःच सांगतात. रंगावरून कोणाची थट्टा होणार नाही एवढे मात्र शिक्षकांनी पाहावे.

आमच्या सर्जन स्नेह्यांनी त्यांच्या वॉर्डात आता एक नियम केला आहे. खाटेशेजारचा पिवळा दिवा काढून पांढरा बसवला, आणि करड्या कार्डाचे तुकडे स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक फ्लॅपच्या रुग्णाच्या फाइलीला अडकवले. नवा निवासी डॉक्टर पहिल्या आठवड्यात कार्ड विसरतोच. मग रात्री फोटो आला की ते रंगाबद्दल काही बोलत नाहीत, फोन करून विचारतात, “दाबून पाहिलंस का? किती सेकंद?”